शुद्ध पाणी म्हणजे मोजलेले पाणी

स्मरणिकेत आठवणींना पहिला मान असतो आणि तो असावाही. तरीही या अंकातील काही पाने आम्ही पाण्यासाठी मागून घेतली आहेत. निवासी शाळेतील मूल पहाटे उठल्यापासून रात्री अंथरुणावर पडेपर्यंत जे पाणी पिते, ते त्याने निवडलेले नसते. त्याच्या आईवडिलांनीही ते पाहिलेले नसते. कोणीतरी टाकी भरलेली असते, कोणीतरी तिच्यात औषध टाकलेले असते, किंवा टाकायचे राहून गेलेले असते. मूल मात्र विश्वासाने पेला तोंडाला लावते. हा विश्वास कोणत्या आधारावर उभा असावा, हे माजी विद्यार्थी, पालक आणि उपासक-उपासिका यांच्यासमोर मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पाणी आणि त्याखालचा खडक

चिखला हे तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणीचे गाव. नागपूर जिल्ह्यातून भंडारा जिल्ह्यामार्गे मध्य प्रदेशातील बालाघाटपर्यंत मँगनीजचा जो पट्टा गेला आहे, त्या पट्ट्यात ते वसले आहे. चिखला येथील भूमिगत खाण आणि जवळची डोंगरी बुजुर्ग येथील उघडी खाण या दोन्ही आज मॉईल या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या आहेत. मध्य भारतातील मँगनीजयुक्त खडकाच्या एका प्रकाराला भूशास्त्रज्ञ एल. एल. फर्मोर यांनी ‘गोंडाइट’ असे नाव दिले आणि या भूमीतील गोंड समाजाचे नाव जगाच्या भूशास्त्रात नोंदले गेले.

अशा भूमीत मुरणारे पाणी खडकातील मँगनीज आणि लोह विरघळवून आपल्याबरोबर आणू शकते. ‘आणू शकते’ हे शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरतो. शंभर पावलांवरच्या दोन बोअरवेलचे पाणी एकसारखे असेलच असे नाही. खडकाचा प्रकार, बोअरवेलची खोली, पाण्याची आम्लता आणि त्यातील प्राणवायू यांनुसार त्यात फरक पडतो. म्हणून संपूर्ण गावाच्या पाण्याला सरसकट चांगले किंवा वाईट म्हणण्यात अर्थ नाही. प्रत्येक विहीर, प्रत्येक हातपंप आणि प्रत्येक टाकी यांची तपासणी स्वतंत्रपणेच व्हावी लागते.

जमिनीखाली प्राणवायू कमी असतो, तेथे मँगनीज विरघळलेल्या स्थितीत राहते. त्यामुळे बोअरवेलमधून नुकतेच उपसलेले पाणी काचेसारखे नितळ दिसते. हवेशी संपर्क आल्यावर विरघळलेल्या लोहाचे तांबूस कण लवकर तयार होतात. मँगनीजचे काळपट-तपकिरी कण तयार होण्यास अधिक वेळ लागतो. टाकीच्या तळाशी साचणारा काळा गाळ, नळाच्या तोटीत बसणारा काळा थर, पांढऱ्या सदऱ्यावर पडणारे आणि साबणाने न निघणारे डाग ही त्याची ओळखीची चिन्हे होत.

औषधाने पाणी बिघडते काय?

आपल्या भागात ज्याला नुसते ‘टीसीएल’ किंवा ‘औषध’ म्हणतात, ती ब्लिचिंग पावडर पाण्यात क्लोरीन सोडते. हा क्लोरीन रोगजंतू मारतो, आणि विरघळलेल्या मँगनीजचे ऑक्सिडीकरणही करतो. जे काम हवेला सावकाश करावे लागते, ते क्लोरीन अधिक वेगाने करतो. परिणामी सकाळी नितळ असलेले पाणी औषध टाकल्यावर काही वेळाने तपकिरी किंवा काळसर दिसू लागते.

पाहणाऱ्याने यातून काढलेला निष्कर्ष स्वाभाविक असतो: औषध टाकले आणि पाणी बिघडले. तक्रार होते, औषध बंद केले जाते, पाणी पुन्हा नितळ दिसू लागते आणि सर्वांचे समाधान होते. आमच्या मते मँगनीजच्या पट्ट्यातील पाण्याचा सर्वांत मोठा धोका या समाधानात दडलेला आहे. काळेपणा दाखवणारे मँगनीज औषधापूर्वीही त्या पाण्यात होतेच. क्लोरीनने ते केवळ दृष्टीस आणले. औषध थांबल्यावर मँगनीज जसेच्या तसे राहते आणि जंतूंना मात्र मोकळीक मिळते. अतिसार, विषमज्वर, कावीळ आणि कॉलरा पसरवणारे जंतू पाण्याचा रंग, वास वा चव बदलत नाहीत.

लंडनमधील १८५४ सालच्या कॉलऱ्याच्या साथीची हकिगत या संदर्भात उद्बोधक आहे. ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून साथ पसरत आहे, हे डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची नोंद घेऊन दाखवून दिले. त्या वस्तीपासून दूर राहणाऱ्या एका वृद्धेचाही त्या साथीत बळी गेला. त्याचे कारण शोधता असे आढळले, की त्या पंपाच्या पाण्याची चव तिला आवडत असल्याने ते पाणी ती मुद्दाम मागवून घेत असे. जिभेने ज्याला उत्तम म्हटले, त्याच पाण्याने तिचा जीव घेतला.

प्रमाणे काय सांगतात?

डोळा आणि जीभ यांवर विसंबता येत नाही, म्हणूनच मोजमापाची आवश्यकता निर्माण होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस. १०५०० हे प्रमाण आहे. त्यातील मोजके आकडे प्रत्येक पालकाला ठाऊक असावेत, असे आम्हाला वाटते.

पहिला आकडा जंतूंचा. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू आढळताच कामा नये. हा जंतू माणसाच्या व प्राण्यांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला, तर मैला त्या पाण्यापर्यंत पोहोचला आहे, असा त्याचा अर्थ होतो. येथे थोडेसे चालेल, अशी सवलत नाही.

दुसरा आकडा क्लोरीनचा. जंतू मारून झाल्यावरही पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे. टाकीपासून पेल्यापर्यंतच्या प्रवासात नव्याने शिरणाऱ्या जंतूंसाठी ही राखीव शिबंदी असते. म्हणून हे मोजमाप टाकीजवळ न घेता सर्वांत शेवटच्या नळावर घ्यावयाचे असते.

तिसरा आकडा मँगनीजचा. स्वीकारार्ह मर्यादा प्रतिलिटर ०.१ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ०.३ मिलिग्रॅमपर्यंत मुभा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ०.०८ मिलिग्रॅम ही तात्पुरती मार्गदर्शक मर्यादा सुचवली. मँगनीज अल्प प्रमाणात शरीराला आवश्यक असून ते आहारातून मिळते. परंतु पाण्यावाटे ते दीर्घकाळ अधिक प्रमाणात गेल्यास मज्जासंस्थेवर परिणाम होण्याची चिंता आहे. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना हा धोका सर्वाधिक मानला जातो, कारण त्यांचे दूधच त्या पाण्यात कालवलेले असते. ज्यांच्या घरी अशी बाळे आहेत, त्यांनी आपल्या बोअरवेलची तपासणी अवश्य करून घ्यावी. पाणी उकळल्याने जंतू मरतात; मँगनीज मात्र कमी होत नाही. उलट वाफ निघून गेल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढतेच.

याखेरीज फ्लोराइड प्रतिलिटर १ मिलिग्रॅम, पर्याय नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत, आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपर्यंत असावे. विदर्भातील चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत फ्लोराइडने दातांचे आणि हाडांचे केलेले नुकसान सर्वविदित आहे. नायट्रेट वाढलेले आढळले, तर शौचालयाचा खड्डा, शेणखताचा ढीग किंवा शेतातील खत यांपैकी काहीतरी स्रोतापर्यंत झिरपत असल्याची शक्यता तपासावी.

मोजावे कसे?

टीसीएल ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली किंवा ऊन लागले, की क्लोरीन उडून जातो आणि मागे बहुतांशी चुना उरतो. अशी पावडर मोजून टाकली तरी तिचा उपयोग होत नाही. चांगल्या प्रतीची पावडर असल्यास १००० लिटर पाण्यास साधारणपणे ५ ग्रॅम, म्हणजे ५००० लिटरच्या टाकीस २५ ग्रॅम पुरते. ती थेट टाकीत ओतू नये. बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा, वरचे नितळ द्रावण टाकीत सोडावे आणि त्यानंतर किमान अर्धा तास पाणी वापरू नये.

शिल्लक क्लोरीन तपासण्यासाठी गावोगावी ‘ओटी’ चाचणी केली जाते. नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले असता पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन आहे, असे समजले जाते. हे रसायन आरोग्यास घातक असल्याने चाचणीचे पाणी पिण्याच्या भांड्यांपासून दूर ओतावे आणि हात धुवावेत. आपल्या पट्ट्यासाठी येथे एक महत्त्वाची सूचना आहे. ऑक्सिडीकरण झालेले मँगनीज पाण्यात असेल, तर क्लोरीन नसतानाही ही चाचणी पिवळा रंग दाखवू शकते. गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी चाचणीतही अशीच फसगत होते. म्हणून मँगनीजयुक्त पाण्यात केवळ रंग पाहून निर्धास्त होता येत नाही. जंतूंची चाचणी जोडीने करावीच लागते.

जंतूंच्या प्राथमिक चाचणीसाठी हायड्रोजन सल्फाइडची लहान बाटली मिळते. निर्जंतुक बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी ठेवावयाची. २४ ते ४८ तासांत पाणी काळे झाले, तर मैल्याने दूषित झाल्याचा संशय पक्का धरून पाणी पिणे थांबवावे आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. टाकीतील काळेपणा आणि या बाटलीतील काळेपणा या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे मुलांना प्रत्यक्ष दाखवून शिकवण्यासारखे आहे.

प्रयोगशाळेसाठी नमुना घेतानाही नेमकेपणा लागतो. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक असावी, तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणारे रसायन असावे, आणि नमुना थंड ठेवून २४ तासांच्या आत पोहोचावा. मँगनीजच्या नमुन्यात जागेवरच आम्ल मिसळावे लागते. तसे न केल्यास मँगनीज बाटलीच्या कडेला बसते आणि अहवालात प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून नेणे म्हणजे तपासणीचे समाधान विकत घेणे होय. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच आणाव्यात.

उपाय आणि देणगी

मँगनीज काढण्याचा क्रम थोडक्यात असा: प्रथम ऑक्सिडीकरण, मग गाळणी, आणि शेवटी निर्जंतुकीकरण. पाणी उंचावरून पसरून पाडले, की हवेने लोह बऱ्यापैकी सुटते. मँगनीजला केवळ हवा पुरत नाही. त्यासाठी क्लोरीन किंवा पोटॅशियम परमँगनेट वापरून तयार झालेले कण गाळावे लागतात. मँगनीज डायऑक्साइडचा थर असलेली वाळू या कामी विशेष उपयोगी पडते. ज्या धातूने पाणी काळवंडते, त्याच धातूचे ऑक्साइड ते स्वच्छ करण्यास साहाय्य करते.

माजी विद्यार्थी आपल्या शाळेला आरओ यंत्र किंवा थंड पाण्याचे यंत्र भेट देऊ इच्छितात, त्यामागील भावनेबद्दल आम्हाला आदर आहे. तथापि आरओचा पडदा लोह-मँगनीजने लवकर चोंदतो, म्हणून त्याच्या आधी योग्य गाळणी लागते. त्यातून निघालेल्या पाण्यात क्लोरीनही उरत नाही. ते ज्या टाकीत साठते, ती अस्वच्छ असली तर जंतू तेथेच वाढतात. यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते. गाळणी बदलणे, टाकी धुणे आणि तपासणी हा खर्च मात्र दरवर्षी येतो. दात्याच्या नावाच्या पाटीला गंज चढण्यापूर्वीच पुष्कळ यंत्रे बंद पडतात, ती या दुसऱ्या खर्चाची तरतूद नसल्यामुळे. म्हणून आमची विनंती अशी, की यंत्र देताना त्याच्या देखभालीचा आणि वार्षिक तपासणीचा भारही शक्य तितका उचलावा.

उत्तरदायी कोण?

गावाच्या नळयोजनेची जबाबदारी ग्रामपंचायतीची असते. क्लोरीन टाकणे आणि नमुने घेणे यांसाठी महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक नेमण्याची पद्धत आहे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर स्रोतांच्या परिसराचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड दिले जाते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची, तसेच प्रत्येक स्रोताची वर्षातून एकदा रासायनिक आणि दोनदा जैविक तपासणी करण्याची तरतूद आहे. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे आणि मागील अहवालात काय आले, हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामस्थाला आहे.

ज्या निवासी संस्थेची स्वतःची विहीर किंवा बोअरवेल असते, तिला मात्र दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही. तेथे संस्थाच ग्रामपंचायत आणि संस्थाच जलसुरक्षक. निवासी शाळेसाठी दरमाणशी दररोज १३५ लिटर पाणी धरावे, असा नियोजनाचा संकेत आहे. इतके पाणी शेकडो मुलांना पुरवणारी व्यवस्था ही एक लहानशी पाणीपुरवठा योजनाच असते, आणि योजनेला लागणारी शिस्त तिलाही लागते.

आपला वारसा

हा विषय आपल्यासाठी केवळ रसायनशास्त्राचा नाही. लहानग्या भीमरावांना शाळेत तहान लागली, तर शिपायाने नळ उघडून दिल्याशिवाय पाणी मिळत नसे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणीही नसे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव संमत झाला. तो कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी शेण आणि गोमूत्र यांनी भरलेल्या घागरी ओतून त्या तळ्याची ‘शुद्धी’ केली. न्यायालयातील लढा पुढे चालत राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

त्या घागरींची आठवण आजही विचार करायला लावते. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि शेणाने ते शुद्ध होते, ही मानलेली शुद्धता होती. तिला पुरावा लागत नव्हता. सांगणाऱ्याचा अधिकार पुरेसा होता. आज जी शुद्धता आपण मागतो, ती मोजता येते, पुन्हा तपासता येते, आणि मोजणाऱ्याची जात विचारत नाही. परंतु पाणी नितळ दिसते, गोड लागते, इतकी वर्षे पीत आलो, कोणाला काही झाले नाही, या आधारावर आपणही जेव्हा निश्चिंत होतो, तेव्हा नकळत मानलेल्या शुद्धतेकडेच परततो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला. महाडने पाण्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क दिला. त्या पाण्यात काय आहे, हे विचारण्याचा हक्क आता आपण बजावावयाचा आहे.

धम्माची शिकवणही हीच दिशा दाखवते. भिक्खूच्या आठ परिक्खारांत पाणी गाळण्याचे वस्त्र, म्हणजे परिस्सावन, आहे. पाण्यातील जीवांची हिंसा टळावी, हा त्याचा मूळ हेतू. तथापि पिण्यापूर्वी पाहावे, तपासावे ही सवय त्यातून जडते. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. दोन भिक्खू कोसल देशातून प्रवास करीत होते. त्यांच्यात वितुष्ट आले, आणि तहानलेल्या सोबत्याने मागूनही दुसऱ्याने आपले परिस्सावन त्याला दिले नाही. त्यात त्या सोबत्याचा अंत झाला. हे कळल्यावर भगवंतांनी, प्रवासात मागणाऱ्याला परिस्सावन दिलेच पाहिजे, असा नियम घालून दिला. सुरक्षित पाण्याचे साधन स्वतःपुरते राखून ठेवणे हा दोष आहे, असा त्याचा भावार्थ आम्ही घेतो. तपासणीचा अहवाल कपाटात बंद ठेवणे हेही आम्हाला तसेच वाटते.

म्हणून आमचा प्रस्ताव साधा आहे. आपल्या शाळेत पाण्याच्या टाकीजवळ एक तक्ता असावा. त्यावर पाच नोंदी असाव्यात: टाकी केव्हा धुतली, आज टीसीएल किती टाकली, शेवटच्या नळावर क्लोरीन किती आढळला, जंतूंची चाचणी केव्हा झाली व तिचा निष्कर्ष काय, आणि मँगनीजसह रासायनिक अहवालाची तारीख व आकडे. क्लोरीनच्या रोजच्या नोंदी शिक्षकांच्या देखरेखीखाली वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी आळीपाळीने कराव्यात. आकडा वाईट आला, तर तोही तसाच लिहावा आणि त्यावर काय केले, ते पुढे नोंदवावे. चांगले आकडे तेवढे लिहिणारा तक्ता कोऱ्या तक्त्याहून घातक ठरतो.

येथे शिकलेले मूल उद्या आपल्या गावी परतेल, तेव्हा पाणी काळे का दिसते, औषध का थांबवू नये आणि नितळ पाणीही का तपासावे, हे ते ग्रामसभेत उभे राहून सांगू शकेल. पुढच्या भेटीत आपण शाळेत याल, तेव्हा पाण्याचा पेला हाती घेण्यापूर्वी टाकीजवळचा तक्ता अवश्य वाचावा, आणि तो कोरा आढळला तर आम्हाला निःसंकोच जाब विचारावा.